ट्रॉलर पाण्यात घालण्याआधी: डिझेल, जाळं, बर्फ आणि माघारीचा हिशेब

कोकणात ट्रॉलर, म्हणजे तळावरून जाळं ओढणारी यांत्रिक नौका, घ्यायचं मनात आलं की माणूस आधी मासळीचा विचार करतो. आधी डिझेलचा करावा. हंगाम मध्यम गेला तरी हिशेबी नौकेचं वर्ष निघतं. डिझेल न मोजता जाळणाऱ्या नौकेचं मात्र भरल्या हंगामातही निघत नाही. इथले आकडे रत्नागिरीचा मिरकरवाडा, हर्णै, देवगड, करंजा अशा बंदरांतल्या १३ ते १६ मीटर लांबीच्या, १०० ते १५० अश्वशक्तीच्या आणि पाच-सहा दिवसांची फेरी करणाऱ्या नौकेला धरून आहेत. रोज संध्याकाळी परतणाऱ्या लहान नौकेचे आकडे कमी होतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

हिशेब बंदरातच मांडा

डिझेल इंजिन दर अश्वशक्तीमागे तासाला सुमारे ०.२ लिटर डिझेल पितं. १२० अश्वशक्तीचं इंजिन जाळं ओढताना साधारण ८० टक्के ताकदीवर चालतं, म्हणजे तासाला १९ लिटर गेले. आता फेरी मांडा. जाऊन-येऊन १० तास. मासेमारीचे पाच दिवस, रोज चार ओढी, प्रत्येक ओढ तीन तासांची, म्हणजे ६० तास. एका जागेवरून दुसरीकडे हलण्यात आणखी १० तास. एकूण ८० तास आणि १,५०० लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर १,३५,००० रुपये फक्त डिझेलचे. बर्फ, राशन, गॅस, पाणी आणि इंजिन ऑइल मिळून ३०,००० धरा. बेरीज १,६५,०००. यात पगार, बँकेचा हप्ता आणि जाळ्याची झीज धरलेलीच नाही.

वीस ओढींत हा खर्च भागला तर ओढीमागे ८,२५० रुपये येतात. आपल्या नौकेचा हा आकडा काढून केबिनमध्ये तांडेलासमोर, म्हणजे नौका चालवणाऱ्या प्रमुखासमोर, लिहून ठेवा. जाळं वर आलं की मासळीची किंमत अंदाजाने करायला तांडेलाला अर्धा मिनिट लागतो. लागोपाठ दोन ओढी आकड्याच्या खाली गेल्या तर जागा बदलायची. चार गेल्या तर वाव, म्हणजे पाण्याची खोली बदलायची (एक वाव सुमारे सहा फूट): वीस वाव पाण्यातून तीसवर किंवा उलट. ‘अजून एक मारून बघू’ या एका वाक्यापायी कोकण किनाऱ्यावर जितकं डिझेल जळतं तितकं दुसऱ्या कशापायी जळत नसेल.

सरकार मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत डिझेलवरच्या मूल्यवर्धित कराचा परतावा देतं. तो मागाहून येतो, तेव्हा फेरीच्या हिशेबात धरू नये. आला की जाळ्याच्या खात्यात टाकावा.

डिझेल वाचवण्याची सर्वांत स्वस्त जागा म्हणजे जातायेतानाचा वेग. नौकेला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. आठ नॉटऐवजी (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) नऊ नॉटने पळालात तर तासाला जवळपास ४० टक्के डिझेल जास्त जातं, आणि तेवढंच अंतर कापायलाही पंचवीस टक्क्यांहून अधिक जादा डिझेल लागतं. चाळीस सागरी मैलांवर यातून वाचतो अर्धा तास. लिलाव गाठायचा असेल तरच ही घाई परवडते. तळाला शेवाळ आणि शिंपल्यांचा थर बसला की हाच तोटा गुपचूप होत राहतो, म्हणून हंगामात एकदा तरी उधाणाच्या भरतीला नौका वर घेऊन तळ खरवडून घ्यावा.

जाळं आणि फळ्या

ट्रॉलचं जाळं म्हणजे तळावरून ओढली जाणारी लांबट पिशवी. पुढे दोन पंख, मध्ये पोट, शेवटी मासळी साठणारा खोला. वरच्या दोरीला बोये, खालच्या दोरीला शिसं किंवा साखळी, म्हणजे तोंड उभं उघडतं. आडवं उघडण्याचं काम दोन फळ्या करतात. या नौकांवर लोखंडी चौकटीच्या लाकडी किंवा पूर्ण लोखंडी फळ्या असतात, साधारण ५० ते ९० किलोंची एकेक. पाण्यातून तिरप्या ओढल्या जाताना त्या एकमेकींपासून लांब जातात आणि जाळ्याचं तोंड पसरतं.

जाळं ओढणारी वायर किती सोडायची याचा ठोकताळा पाण्याच्या खोलीवर आहे. १५-२० वाव पाण्यात खोलीच्या पाचपट, ३०-४० वावात तीनपट ते साडेतीनपट. दोन्ही वायर बरोबर सारख्या हव्यात. दर दहा वावांवर रंगाची किंवा सुतळीची खूण करा आणि दर महिन्याला खुणा पुन्हा मोजा, कारण नवी वायर ताणली जाते आणि दोन्ही बाजू सारख्या ताणल्या जात नाहीत. एक बाजू दोन वाव जरी लांब गेली तरी तोंड तिरकं होतं, एक पंख मागे राहतो, आणि तांडेल मासळी नाही म्हणून समुद्राला दोष देतो.

फळी वर आली की तिच्या खालच्या लोखंडी पट्टीकडे बघायची सवय लावा. पट्टी पूर्ण लांबीत सारखी चमकत असेल तर फळी तळावर नीट बसून चालली आहे. फक्त मागचा भाग चमकत असेल तर पुढचं टोक उचललं जातंय, म्हणजे वायर कमी पडली किंवा वेग जास्त झाला. फळी वरपर्यंत चिखलाने माखलेली आली तर वायर जास्त आहे किंवा नौका हळू आहे. ही चमक वाचता आली की फुकटात बरंच कळतं.

ओढीचा वेग कोळंबीला दोन ते अडीच नॉट, मासळीला तीन ते साडेतीन. बांगड्यासारखा वेगाने पोहणारा मासा अडीच नॉटच्या जाळ्यात क्वचितच राहतो. तळावर चिखल असेल तिथे कोळंबी, वाळू आणि चिखलाच्या कडेला राणीमासा, म्हाकूल, सौंदाळा. खडपावर जाळं घालायचं नाही, कितीही मासळी दिसली तरी.

खोल्याची आस, म्हणजे जाळीचं भोक, ४० मिलिमीटरची आणि चौकोनी हवी. नेहमीची हिऱ्याच्या आकाराची आस ओढताना ताणून बंद होते, चौकोनी उघडी राहते आणि बारीक पिल्लू निसटतं. यात तोटा वाटतो, पण बारीक कुटा (खायला न चालणारी किरकोळ मासळी) फिशमीलला किलोमागे फार थोड्या पैशांत जातो. तो वाहून आणायला डिझेल, निवडायला माणसं आणि ठेवायला खण मात्र चांगल्या मासळीइतकाच लागतो.

ओढ

जाळं घालताना नौका वाऱ्यावर तोंड करून हळू पुढे ठेवा. आधी खोला पाण्यात जातो. त्याच्या तोंडाची गाठ ज्याने बांधली त्यानेच तपासू नये, दुसऱ्याने तपासावी. उघड्या गाठीने तीन तास ओढणं दर हंगामात कुठल्या ना कुठल्या नौकेवर घडतंच. मग पोट, पंख, शेवटी फळ्या. फळ्या पाण्यात चार-पाच वाव गेल्यावर विंच (वायर गुंडाळणारं यंत्र) थांबवा आणि त्या दोन बाजूंना फाकल्या का ते डोळ्यांनी बघा. एकमेकींवर चढल्या असतील तर तिथेच वर घ्या. त्यानंतर दोन्ही वायर एका लयीत सोडा. वायर सुटत असताना वळण घ्यायचं नाही. ओढताना वळायचंच झालं तर फार मोठ्या घेरात, नाहीतर आतली फळी चिखलात आडवी पडते.

ओढ तीन तासांपेक्षा लांबवू नका. खोल्यात आधी आलेली मासळी पुढच्या मासळीखाली चेपते, कोळंबीची डोकी सुटतात आणि भाव तिथेच पडतो. पावसाळ्यानंतर कधी कधी जेलीफिशचे थवे येतात. तेव्हा ओढ तासाभराची करा, कारण जेलीफिशने भरलेला खोला विंचला उचलत नाही.

जाळं अडकलं तर काय करायचं हे प्रत्येक खलाशाला आधीच माहीत हवं, कारण तेव्हा विचार करायला वेळ नसतो. खूण अशी: इंजिनाचे फेरे अचानक पडतात, वायर थरथरते, नौका जागीच थांबते आणि मागची बाजू खाली दबते. ताबडतोब इंजिन कमी करा, गिअर सोडा. सगळ्यांना वायरीच्या रेषेतून बाजूला काढा. तुटलेली वायर चाबकासारखी येते आणि पाय तोडते. मग वायर हळूहळू आत घेत नौका अडकल्या जागेच्या बरोबर वर आणा आणि तिथून दोन्ही वायर सारख्या उचला. बाजूने जोर लावायचा नाही. एका कडेवरून ताणलेली वायर आणि त्याच वेळी आलेली लाट, या दोन गोष्टींनी धडधाकट नौका उलटते. निघत नसेल तर वायरीला बोया बांधून सोडून द्या. जीपीएसवर ती जागा नोंदवा आणि भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीचा फरक आणि पाण्याची ओढ कमी असताना, परत या.

भरलेला खोला डेकवर घेताना हाच धोका वेगळ्या रूपात येतो. टनभर मासळी डेरिकच्या, म्हणजे उचलायच्या खांबाच्या, टोकाला लटकली की सगळं वजन वर जातं आणि नौका डुलू लागते. लाट असेल तर खोला मध्येच आवळून दोन-तीन भागांत रिकामा करा. डेकवरचं पाणी बाहेर जाण्याची भोकं जाळ्याने किंवा मासळीने बुजू देऊ नका.

बर्फ

मासळी जितकी, बर्फ तितका, हे प्रमाण धरा. पाच टन मासळीची अपेक्षा असेल तर पाच टन बर्फ, आणि मार्च ते मे अर्धा टन जास्त. खणाच्या तळाला अर्धा फूट फोडलेला बर्फ, त्यावर मासळी, मग बर्फ, असे थर. कडेलाही बर्फ हवा, कारण उष्णता बाजूच्या फळ्यांतून आणि विशेषतः इंजिनाकडच्या भिंतीतून येते. ती भिंत आतून नीट इन्सुलेट केलेली नसेल तर तिथला थर रोज बघावा लागतो. वितळलेलं पाणी खाली साचू देऊ नका, पंपाने काढत राहा.

कोळंबी समुद्राच्या स्वच्छ पाण्यात धुऊन छिद्रांच्या क्रेटमध्ये भरा. बंदरातल्या पाण्याने धुऊ नका. म्हाकलाला बर्फ थेट लावू नये. वितळलेलं गोडं पाणी लागलं की रंग जातो आणि निर्यातीचा माल स्थानिक बाजाराचा होतो. म्हाकूल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मग बर्फात. पापलेट, सुरमई, हलवा वेगळ्या खणात, शक्यतो एका थरात. फेरीच्या शेवटच्या दोन दिवसांचा माल वेगळा ठेवा आणि लिलावात वेगळा मांडा. पहिल्या दिवसाच्या मालात मिसळलात तर सगळ्याला पहिल्या दिवसाचा भाव मिळतो.

रिकाम्या खणात सडलेली मासळी किंवा पाणी राहिलं तर त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. खणात उतरलेला खलाशी दोन श्वासांत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. बंद राहिलेला खण किमान अर्धा तास उघडा ठेवा, आत हवा मारा, आणि उतरणाऱ्याच्या छातीला दोरी बांधून वर दोन माणसं उभी करा. आतला पडला तर दोरीने ओढा. मागोमाग कोणीही उडी टाकायची नाही, सख्खा भाऊ असला तरी.

माणसं पाण्यात का पडतात

वादळाच्या बातम्या होतात, पण खलाशी बुडण्याची एक साधी आणि नेहमीची तऱ्हा आहे: रात्री एकटा नौकेच्या मागच्या कडेला लघवीला उभा राहतो, तोल जातो, इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू येत नाही. उपाय अगदी किरकोळ खर्चाचा आहे. मागे कंबरेइतका कठडा, एक आडोसा, आणि रात्री डेकवर जाणाऱ्याने दुसऱ्याला उठवून सांगायचं हा नियम. लाइफ जॅकेट घालून काम करता येत नाही ही तक्रार जाड जुन्या जॅकेटबद्दल खरी आहे, पातळ कामाच्या जॅकेटबद्दल नाही.

माणूस पडला आणि जाळं पाण्यात असेल तर ट्रॉलरला पटकन वळता येत नाही. त्याच क्षणी बोया फेका, जीपीएसचं बटण दाबून जागा नोंदवा, एका माणसाने फक्त त्याच्याकडे बोट दाखवत उभं राहायचं. जाळं वर घ्यायला पंधरा मिनिटं लागणार असतील तर वायरीला बोये बांधून ती सोडा. जाळं पुन्हा मिळतं.

विंचवर हातमोजे सैल नकोत, लुंगी नको, आणि वायर ड्रमवर बसवायला हात लावायचा नाही. त्यासाठी लोखंडी दांडा ठेवा. रात्री ओढताना हिरवा दिवा वर आणि पांढरा खाली, असे चहूबाजूंनी दिसणारे दिवे लावावे लागतात. मोठ्या जहाजाला त्यावरूनच कळतं की मागे जाळं आहे. डेकवरचे झगझगीत दिवे हे काम करत नाहीत, उलट खरे दिवे झाकून टाकतात. एआयएस, म्हणजे नौकेची जागा इतर जहाजांना आपोआप कळवणारं उपकरण, असेल तर चालू ठेवा. मासळीची जागा इतरांना कळेल म्हणून तो बंद करणारे तांडेल मालवाहू जहाजाच्या वाटेवर आंधळे उभे असतात.

माघारी कधी फिरायचं

हा निर्णय समुद्रात घ्यायचा नसतो. समुद्रात गेल्यावर खर्च झालेलं डिझेल बोलू लागतं आणि तांडेल एक दिवस थांबतो. म्हणून मालक आणि तांडेल यांनी निघण्याआधी अट ठरवावी: हवामान खात्याने ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वाऱ्याचा आणि मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये असा इशारा दिला की जाळं वर, खण अर्धा रिकामा असला तरी. आणि अशा फेरीचा तोटा तांडेलाच्या हिश्श्यातून कापायचा नाही. ही दुसरी अट नसेल तर पहिली पाळली जात नाही.

वेळेचं गणित असं. चाळीस सागरी मैल शांत पाण्यात आठ नॉटने पाच तास. समोरून लाट आली की वेग पाचवर येतो आणि तेच अंतर आठ तासांचं होतं. त्यात खाडीच्या तोंडाशी भरतीची वाट बघण्याचे तीन-चार तास धरा, कारण गाळ साचलेल्या तोंडातून ओहोटीला नौका आत येत नाही आणि लाटेत तळ टेकला तर नौकेच्या फळ्या सुटतात. म्हणजे निदान बारा तास आधी फिरायला हवं. घरच्या बंदराचा हट्ट नको. जयगड, विजयदुर्ग, देवगड यांतलं जवळचं गाठा. ११ नोव्हेंबर २००९ ला आलेल्या फयान चक्रीवादळाने कोकणातल्या नौकांना अशाच ऐन हंगामात गाठलं होतं, आणि किनाऱ्यापासून काही मैलांवर मोबाइलची रेंज संपते ही अडचण तेव्हाही होती, आजही आहे. म्हणून व्हीएचएफ रेडिओ चॅनल १६ वर चालू ठेवा, उपग्रहावरून संदेश देणारं उपकरण असेल तर निघण्याआधी तपासा, आणि तटरक्षक दलाचा १५५४ व सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक घरच्यांनाही देऊन ठेवा. आसऱ्याला पोचल्यावरही काम संपत नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी देवगड बंदरात उभ्या असलेल्या नौकांचंही नुकसान झालं. नांगराची दोरी खोलीच्या पाच ते सातपट सोडा, पुढे साखळी लावा आणि शेजारच्या नौकेपासून तेवढाच घेर मोकळा ठेवा.

मासळी कुठे असेल याचा अंदाज हैदराबादच्या इन्कॉईस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राकडून मोफत मिळतो. उपग्रहातून पाण्याचं तापमान आणि हिरवेपणा बघून तो काढलेला असतो. पृष्ठभागावरच्या मासळीला तो जास्त उपयोगी, तळावरच्या कोळंबीला तेवढा नाही. ढग असले की येत नाही.

कायदा, कासव, दंड

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी कायदा लागू आहे. त्यात किनाऱ्यालगतचं पाणी, जागेनुसार पाच किंवा दहा वावांपर्यंत, ट्रॉलिंगला बंद ठेवलेलं आहे. ते रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) आणि लहान जाळीवाल्यांचं पाणी. मालवण-वेंगुर्ल्याकडची बहुतेक भांडणं याच रेषेवर होतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर दंड लाखांत गेले आहेत. एलईडी दिवे लावून केलेल्या मासेमारीला पाच लाखांपासून सुरुवात. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनने पाळत आहे. नौकेची नोंदणी, मासेमारी परवाना, विमा आणि प्रत्येक खलाशाचं ओळखपत्र पाण्याबाहेर राहील अशा पिशवीत नौकेवरच ठेवा.

जाळ्यात कासव आलं तर ते वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. जाळं कापून सोडावं लागलं तर फोटो आणि व्हिडिओ काढा. राज्यात यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. खोल्याच्या पुढे बसवायची, कासव बाहेर काढणारी जाळीची चौकट अनेकांना नको वाटते, पण ती नाही या कारणाने अमेरिकेने २०१९ पासून भारताची समुद्रातली कोळंबी घेणं बंद केलं आणि भावाला बसलेला तो फटका प्रत्येक नौकेने सोसला.

पैसे कुठे राहतात

चांगली फेरी लागली की ती खरंच चांगली असते: पावसाळा संपल्यावरची कोळंबी, ऑक्टोबर ते डिसेंबरचं म्हाकूल, दोन-चार ओढींत आख्ख्या फेरीचा खर्च निघाल्याचे दिवस. हा पैसा निसटतो दोन ठिकाणी. एक, हंगामाआधी व्यापाऱ्याकडून घेतलेली उचल. ती घेतली की माल त्यालाच, त्याच्याच भावाने. मच्छीमारांसाठीच्या किसान क्रेडिट कार्डावर बँकेचं खेळतं भांडवल मिळतं, त्याचं व्याज उचलीपेक्षा स्वस्त पडतं. दोन, खलाशांचा तोंडी हिशेब. पगारी असोत की हिश्श्यावर, नेपाळचे असोत की गावचे, कोणता खर्च आधी कापायचा हे ऑगस्टमध्येच कागदावर लिहा आणि प्रत्येक फेरीची लिलावाची पावती त्यांना दाखवा. हंगामाच्या मध्यावर खलाशी पळून गेले की नौका पंधरा दिवस धक्क्याला उभी राहते, हप्ता मात्र चालू राहतो.

दर फेरीच्या विक्रीतले किमान दहा टक्के जाळं, वायर आणि इंजिनासाठी बाजूला काढा. मे अखेरीस नौका वर घेऊन शाकारताना हे पैसे लागतात. तेव्हाच वायर उलटी करून ड्रमवर चढवा म्हणजे कमी झिजलेलं टोक फळीकडे येतं. इंजिनातलं खारं पाणी काढून गोडं पाणी फिरवा, गंज रोखणाऱ्या झिंकच्या पट्ट्या अर्ध्याहून जास्त खाल्ल्या गेल्या असतील तर बदला, आणि शाफ्टचं पॅकिंग जुलैतच भरून घ्या. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कारागीर मिळत नाही.